अर्पूची खिरापत

पहिली ओळ मी लिहिली होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर घरातल्या प्रत्येकाला मी दोष दिला, पण त्या ओळीला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता. ‘ओळखा पाहू, डब्यात काय आहे? उत्तर उद्या.’ बी.ए. झाले, मराठीत फर्स्ट क्लास मिळवला, आणि माहेरच्या उमरखेडहून दारव्ह्यापासून सात किलोमीटरवरच्या या गावात सून म्हणून आले. त्यानंतर मी लिहिलेलं आणि हजारो लोकांनी वाचलेलं हे एवढंच.

आमच्याकडे भादव्यातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. गाणी संपली की घरची बाई झाकलेल्या डब्यात खाऊ आणते आणि डबा वाजवून दाखवते. आवाजावरून पोरींनी ओळखायचं. त्या खाऊला खिरापत म्हणतात. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही, म्हणून बायका मुद्दाम असं काही भरतात की ते वाजूच नये. माझ्या सासूबाई तानाबाई यांनी एका वर्षी ओल्या फडक्यात गुंडाळून पेढे ठेवले होते, त्याचं कौतुक गावात अजून चालतं.

गेल्या वर्षी अर्पू, म्हणजे माझी अर्पिता, चार वर्षांची होती. मोठ्या पोरी शेंगदाणे, फुटाणे, लाह्या असं ओरडत होत्या. ही डबा कानाला लावून, डोळे मिटून बसून राहिली. सगळ्या थकून गप्प झाल्या तेव्हा म्हणाली, “यात पाऊस आहे.”

मुरमुरे होते.

माझा दीर अक्षय तेव्हा पोलीस भरतीची तयारी करायचा, म्हणजे पहाटे पळायचा आणि दिवसभर मोबाइल पाहायचा. त्याने ते सगळं मोबाइलवर टिपलं होतं आणि जसंच्या तसं नेटवर टाकणार होता, मुरमुऱ्यांसकट.

“भाऊजी, उत्तर आज नका दाखवू,” मी म्हटलं. “लोकांना उद्या परत यावं लागलं पाहिजे.”

“वहिनी, तुम्ही चुलीपाशी वाया जाऊन राह्यल्या,” तो म्हणाला. मला ते आवडलं. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाशे लोकांनी उत्तरं दिली होती. साबुदाणा, राजगिरा, ज्वारीच्या लाह्या. उमरखेडचा कोणी, महागावचं कोणी, पुण्यात कंपनीत असलेला कोणी दिग्रसचा मुलगा. एका बाईने लिहिलं होतं की माझी आई भुलाबाईला कुरडया तळायची, आज चौदा वर्षांनी आवाज आठवला. मी पोळ्या लाटता लाटता, पिठाच्या बोटांनी, एकेकाला उत्तर देत बसले. पेजला नावही मीच दिलं, ‘अर्पूची खिरापत’.

भुलाबाई उठली, पण खिरापत बसूनच राहिली. रोज संध्याकाळी पाच वाजता.

माणसं जमवणं सोपं असतं, टिकवणं अवघड, हे मला तेव्हा कळायला लागलं. एक दिवस सुटला की पेज मागे पडतं. नमस्कार-चमत्कार करत बसलं की लोक पुढे सरकतात, म्हणून सुरुवातीलाच अर्पूचा चेहरा पाहिजे. खाली प्रश्न असा पाहिजे की प्रत्येकाला उत्तर द्यावंसं वाटेल: तुमच्या घरी काय करायचे, तुमची आजी डबा कशी वाजवायची. हे सगळं मी एका वहीत लिहून काढलं होतं, परीक्षेचा अभ्यास करावा तसं. अर्पूला ताप आला तेव्हा मी म्हटलं, आज राहू द्या. अक्षय म्हणाला, अर्ध्या मिनिटाचं काम हाय. तिला उठवून बसवलं. तिचे डोळे तापाने चकाकत होते. त्या दिवशी सगळ्यात जास्त लोकांनी लिहिलं, किती गोड डोळे आहेत. मी त्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवलं. धन्यवाद.

हे आता लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

वर्षभरात अर्पू शिकली. पोर आहे, शिकणारच. डबा एकदा हलवला की म्हणायची, “फुटाणे.” आणि फुटाणेच निघायचे. बरोबर ओळखलं की लोक कमी व्हायचे. चूक हवी होती, पण गोड चूक. मग मी तिला चुका लिहून द्यायला लागले. “अर्पू, आज म्हण, यात आजीच्या बांगड्या झोपल्या आहेत.” ती म्हणायची. चार-पाच दिवस चाललं, मग कोणीतरी लिहिलं, ‘शिकवलेलं वाटते.’ त्याच्याखाली दोनशे जणांनी होकार भरला.

“पब्लिक हुशार असते वहिनी,” अक्षय म्हणाला. “खरं पाह्यजे त्याईले.”

खरं म्हणजे काय, ते मला यंदाच्या पावसाळ्यात कळलं.

शिक्षक पात्रता परीक्षा होती, केंद्र यवतमाळला. अर्पूला सासूबाईंकडे ठेवून मी सकाळच्या एसटीने गेले. पेपर देऊन परत निघाले तेव्हा गाडीत माझ्या शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर भाजीची पिशवी, हातात मोबाइल. लाडखेडच्या अलीकडे तिच्या मोबाइलमधून किंकाळी ऐकू आली. मी खिडकीकडे बघत होते. आई झाल्यापासून कुठल्याही लेकराच्या रडण्याने माझी मान वळते, तशी वळली. पुन्हा तीच किंकाळी. त्या बाईने ते परत लावलं होतं.

अर्पू होती. डब्यात हात घातलेला, आणि हातावरून बेडूक उडी मारतो. ती मागे पडते, डोकं भिंतीला लागतं, आणि पाठीमागून माझ्या घरातल्या माणसांच्या हसण्याचा आवाज.

“पाहा ना बाई,” शेजारीण मला दाखवत म्हणाली, “कशी भेली पोट्टी. मी तं चार डाव पाह्यलं. मरून जाईन हासून हासून.”

मी म्हणाले नाही की ती माझी आहे. मी हसल्यासारखं केलं. तोंडाचे स्नायू कसे ओढावे लागले ते अजून आठवतं. मग माझा मोबाइल काढला, आवाज बंद केला आणि ते पाहिलं. डोकं किती जोरात लागलं हे पाहण्यासाठी पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा डोक्याकडे माझं लक्षच नव्हतं, मी बेडूक कुठल्या क्षणी उडतो याची वाट पाहत होते. शेजारच्या बाईत आणि माझ्यात फरक इतकाच, की तिचा आवाज चालू होता.

घरी पोचले तर सगळे अंगणात, खुशीत. अर्पू सासूबाईंच्या मांडीवर, डोक्याला हळद.

“कोणी घातला बेडूक?” मी विचारलं.

“पाय तं धू आधी,” सासूबाई म्हणाल्या. “बेडकाले कायले भ्यायचं? कास्तकाराचं लेकरू हाय थे. आमी लहानपणी खिशात घेऊन फिरत होतो.”

“तिचं डोकं फुटलं असतं.”

“फुटलं का? नाई ना फुटलं. तुह्या उमरखेडात लेकरं कापसात गुंडाळून ठेवतात का वो?”

अक्षय मोबाइल माझ्यासमोर धरून होता. “वहिनी, भांडा, पण आकडा पाहून भांडा. सकाळी अठरा हजार होते. आता सव्वीस.”

माझा नवरा, कपिल, बैलाला पाणी दाखवायला उठला. तो वाईट माणूस नाही. कापूस घेऊन बाजार समितीत गेला की तिथले लोक त्याला ‘खिरापतवालीचा बाप’ म्हणून हाक मारतात, चहा पाजतात. आधी त्याला तिथे कोणी नावानेही ओळखत नव्हतं. रात्री जेवताना तो फक्त म्हणाला, “जनावर नाई टाकायचं, एवढं सांगतो मी अक्षयले.”

जनावर नाही टाकलं. गार बर्फ टाकला. शिजवलेल्या शेवया टाकल्या, बोटांना गांडुळांसारख्या लागतील अशा. एकदा नुसतं शेण. अर्पूचा चेहरा वाकडा झाला की तेवढाच भाग अक्षय हळू करून तीनदा दाखवायचा. लोक आता काय टाकायचं तेही सुचवू लागले. मी रोज ते वाचायचे, पदराआड, भाजी चिरताना. पाल टाका. खेकडा टाका. सापाची कात टाका, मेलेल्या सापाची, घाबरू नका. एका माणसाच्या नावापुढे त्याच्या स्वतःच्या दोन मुलींचा फोटो होता, शाळेच्या गणवेशातल्या, आणि त्याने लिहिलं होतं, ‘जळता फटाका टाका एकदा.’ पुढे हसणारे चेहरे. मी त्या दोन मुलींकडे पाहत राहिले. मला त्या माणसाचा हात दिसत होता, त्याच हाताने तो त्यांच्या वेण्या घालत असेल.

त्यांना उत्तर देणं मी थांबवलं. पण ओळी लिहिणं थांबवलं नव्हतं. पेज बंद पडलं तर घरात सगळे माझ्याकडे पाहतील, अशी भीती होती. आणि दुसरंही होतं. पेज वाढत होतं, ते मला पाहावंसं वाटायचं.

सप्टेंबरात अर्पूच्या शाळेतून फोन आला. ती दारव्ह्याला केजी टूला जाते, गावातून व्हॅन आहे. मॅडमने भेटायला बोलावलं.

“डबा कोण भरतं?” मॅडमने विचारलं.

“मीच. काय झालं?”

“ती उघडत नाही. पंधरा दिवस झाले. आधी मला वाटलं, आवडत नसेल. मग मी बसून पाहिलं. डबा हलवते, कानाला लावते, आणि बाकाखाली ढकलून देते. मी उघडून दिला तर आत बघते, पण हात घालत नाही. पाणी पिऊन बसते.”

“घरी परत येतो तेव्हा रिकामा असतो.”

“आमची मावशी रिकामा करून देते,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही रागवाल म्हणून तिनेच मावशीला सांगितलं तसं.” मग म्हणाल्या, “मी तुमचं पेज पाहते. म्हणजे, पाहत होते.”

व्हरांड्यात अर्पू चपला घालत होती. मनगटं बारीक झाली होती. मी रोज तिला आंघोळ घालते, रोज तिची वेणी घालते, आणि रोज पाच वाजता तिच्या चेहऱ्यावर उजेड नीट पडतो का ते बघते. मनगटं मी पाहिली नव्हती.

त्या संध्याकाळी मी सांगितलं, आजपासून बंद.

अक्षयने ओरडा केला नाही. तो खाली बसला, अगदी शांतपणे. “वहिनी, कोजागिरीच्या दिवशी दारव्ह्यात साडीच्या दुकानाचं उद्घाटन हाय. त्याईनं आपल्याले बोलावलं. दुपारी चार वाजता, अर्पूच्या हातून डबा उघडायचा, लाइव्ह. मी शब्द देऊन बसलो. हा एक होऊ द्या, मंग तुमच्या हातानं बंद करा.”

“डबा मी भरणार.”

“भरा ना. कोन नाई म्हंते?”

कपिलनेही मान हलवली. मी हो म्हटलं. रोजचं पाच वाजताचं चित्रण त्याच दिवसापासून थांबलं. हो म्हणण्यामागे माझा एक हिशोब होता, तोही सांगते, कारण पुढचं त्यातूनच झालं. मला वाटलं, ज्या जागेवर भीती बसली त्याच जागेवर ती उतरवावी. सगळ्यांसमोर अर्पू डबा उघडेल, आत मी सांगितलं तेच निघेल, ती खाईल, आणि मग शाळेतला डबाही उघडेल. बी.ए.ला मानसशास्त्र हा माझा दुसरा विषय होता. असं काहीतरी मी वाचलेलं होतं.

अक्षयने पेजवर विचारलं, ‘कोजागिरीच्या डब्यात काय पाहिजे? तुम्ही ठरवा.’ मी ते थांबवू शकले असते. म्हटलं, विचारू दे, डबा तर माझ्या हातात आहे. महागावच्या एका माणसाने लिहिलं, ‘बोंडअळी टाका भाऊ. कृषी अधिकाऱ्याले बी ओळखू येत नाई, पोट्टीले येते का पाहू.’ त्यावर तीन हजार लोक खिदळले. सगळे आमच्यासारखेच, कापूसवाले. हिरवं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी वळवळते आणि वर्षाची मेहनत पिवळी पडलेली दिसते, हे सगळ्यांनी आपल्या हाताने पाहिलेलं. त्याच अळीसाठी ते नाचत होते.

कोजागिरीच्या सकाळी मी अर्पूला चुलीपाशी बसवलं. तिच्यासमोर रवा भाजला, साखर घातली, वेलची तिच्याकडून कुटून घेतली. लाडू वळले. एक तिनेही वळला, वाकडातिकडा. डबा धुऊन, पुसून, तिला आतून दाखवला. लाडू तिने स्वतः ठेवले आणि झाकणही स्वतः दाबलं.

“आता यात काय आहे?” मी विचारलं.

“लाडू.”

“आणि दुकानात उघडशील तेव्हा?”

तिने माझ्याकडे पाहिलं. “लाडूच?”

“लाडूच. तू झाकण लावलंस. आता ते कोणी बदलू शकत नाही. मम्मीने सांगितलं ना.”

“मग लोक काय ओळखतील?”

“लोकांना सोड,” मी म्हटलं. त्या दिवशी मी बोललेलं तेवढंच एक बरोबर होतं.

दुकानासमोर मांडव घातला होता. दीडेकशे माणसं असतील, बायका जास्त. बाजाराचा दिवस नव्हता तरी जीपगाड्या भरून आल्या होत्या. प्रत्येक हात वर आणि प्रत्येक हातात मोबाइल. मालक पुन्हा पुन्हा माइकवर फुंकर मारत होता. अर्पूच्या वेणीचं रिबन सुटलं. मी डबा कपिलकडे दिला, “सोडू नका हं,” म्हटलं, आणि खाली बसून रिबन बांधलं. तेवढाच वेळ लागला. उभी राहिले तेव्हा डबा कपिलच्या हातातच होता. तसाच, झाकण घट्ट. मी तो घेतला आणि अर्पूच्या हातात दिला.

ती स्टुलावर चढली. अक्षयने माइक पुढे केला. “बोल अर्पू, काय हाय आज डब्यात? कानाले लाव, वाजव.”

तिने कानाला लावला नाही. वाजवलाही नाही. इतक्या दिवसांनी ती ताठ उभी होती, आणि म्हणाली, “लाडू आहेत. मीच झाकण लावलं.”

लोक हसले. कोणीतरी शिट्टी मारली. महिनाभरात कुठल्याही डब्यात हात न घातलेल्या माझ्या पोरीने झाकण काढलं आणि आत न पाहता हात घातला, सरळ, मनगटापर्यंत. कारण मी सांगितलं होतं.

हात बाहेर आला तेव्हा मुठीत कुजलेली बोंडं होती, भुऱ्या रसाने लडबडलेली, आणि बोटांमधून अळ्या. गुलाबी, जाडसर. एक तिच्या मनगटावरून वर चालली होती. समोरची माणसं पुढे सरकली. सगळे किंकाळीची वाट पाहत होते. आता, आता, असं त्यांच्या तोंडांवर लिहिलेलं होतं, ओठ अर्धे उघडे, डोळे मोबाइलच्या काचेवर.

अर्पू किंचाळली नाही. ती हाताकडे पाहत राहिली, मग तिने मला शोधलं.

“लाडू आहेत ना, मम्मी?” तिने विचारलं. माइक तिच्यासमोर होता. सगळ्या मांडवाने ते ऐकलं.

तिचा हात थोडा वर आला, तोंडाच्या दिशेने. मी हो म्हटलं असतं तर तिने खाल्लं असतं, एवढं मला स्वच्छ दिसलं.

“नाही,” मी म्हटलं. “अळ्या आहेत. काकाने बदललं. मम्मीला कळलं नाही.”

मी पदराने तिचा हात पुसला, प्रत्येक बोट वेगळं. तिला उचललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हे ठरवलेलं आहे. मांडवाच्या टोकाला एका बाईने माझा दंड धरला, “ताई, इकडं पाहा ना एक मिनिट, पोट्टीले रडू द्या थोडं.” तिच्या तोंडाला पानाचा वास होता. मी तिचा हात झटकला तेव्हा ती हसतच होती, आणि माझ्या झटकण्याचंही तिने चित्रण केलं.

घरी कपिल उशिरापर्यंत माझ्यासमोर आला नाही. मीच गोठ्यापाशी गेले.

“तुमच्या हातात होता ना डबा?”

“अक्षय म्हने, मालकाले डबा दाखवाचा हाय, दे दोन मिनिट.” तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून बोलत होता. “मले वाटलं...”

“काय वाटलं?”

“काई नाई वाटलं,” तो म्हणाला. “मले खरंच काई वाटलं नाई, निकिता.”

अक्षय ओट्यावर बसला होता. त्याला माझा राग खरोखर समजत नव्हता, हे मी त्याच्या तोंडावर पाहिलं आणि त्याने मला जास्तच किळस आली. “अळी काय चावते का वहिनी? आपन रोज हातानं काढतो वावरात. आन मी पब्लिकले सांगून बसलो होतो. तीन हजार लोकाईनं मागतलं होतं. एवढ्या लोकाईचा मान ठेवा लागते का नाई?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “थे शेवटचं लय जबरदस्त झालं. ‘लाडू आहेत ना मम्मी.’ असं लिहून देऊन बी कोनी म्हनू शकत नाई.”

त्याने ते टाकलंही होतं. तिचा प्रश्न ठेवला होता, माझं उत्तर कापलं होतं. खाली ओळ माझीच होती, पहिल्या दिवशीची, जशीच्या तशी.

सासूबाई आतून बाहेर आल्या. त्यांनीही पाहिलं होतं, शेजारणीच्या मोबाइलवर. मला वाटलं, आता कास्तकाराचं लेकरू म्हणतील. त्या अक्षयला म्हणाल्या, “काढ थे. आता काढ, माह्यासमोर. खिरापत खाऊ घालाची रायते रे. भुलाबाईच्या नावानं भरलेल्या डब्यात तुनं घाण भरली.” तो काहीतरी बोलायला गेला तर त्यांनी मोबाइलच हिसकावला आणि कपिलच्या हातात दिला. कपिलने पेज बंद केलं. त्याला कुठे दाबायचं ते येत नव्हतं, मी सांगत गेले. त्रेपन्न हजार माणसं होती. बंद करताना त्या आकड्यावर माझी नजर थांबली, हेही खरं आहे.

काही उपयोग झाला नाही. तोवर दुसऱ्यांनी ते उचलून आपापल्या पेजवर टाकलं होतं, कोणी गाणं लावून, कोणी हसण्याचा आवाज जोडून. अजून फिरतं आहे. मागच्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतली संगीता आली, तिची मुलगी तीन वर्षांची. दारात उभी राहून म्हणाली, “ताई, तुमची अर्पू आता करत नाई म्हंते. आमची लय बोलकी हाय. तुमी खालचं लिहून द्याल का? भाऊजी तयार हायेत.” चेहऱ्यावर लाज होती आणि हावही, आणि मला तो चेहरा नीट माहीत होता. मी तिला आत बसवलं आणि शेवटपर्यंत सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. उठताना म्हणाली, “नाई, आमी अळ्या-बिळ्या नाई टाकणार. साधंच करू.”

अर्पूच्या पोटाचा प्रश्न राहिलाच होता. दिवाळीपर्यंत तिने डबा नेला नाही, आणि घरीही झाकलेलं काही खात नव्हती. कुकरचं झाकण उघडलं तरी दुसऱ्या खोलीत जायची. मी जे सांगेन त्यावर मान हलवायची, पण विश्वासाने नाही, मोठी माणसं हलवतात तशी. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, या तुम्ही.

आता मी रोज मधल्या सुट्टीत शाळेत जाते. गावातून जीपने, ताटात पोळी-भाजी, वर काही न झाकता, धूळ बसू नये म्हणून अंगाआड धरून. जीपमधली माणसं बघतात. कोणी ओळखतं, कोपराने दुसऱ्याला खुणावतं. मी ताट घट्ट धरून समोर पाहत बसते.

शाळेच्या पायरीवर आम्ही दोघी बसतो. पहिल्या दिवशी ताट तिच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, “पोळी आहे, बटाट्याची भाजी आहे.”

“आधी तू,” ती म्हणाली.

मी घास घेतला. ती माझ्या गळ्याकडे पाहत होती, घास खाली उतरेपर्यंत.

“अजून एक.”

मी तो खाल्ला. अशी अख्खी पोळी मी खाल्ली, आणि घंटा झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. भूक नसताना चावत होते, एकेक घास कडू लागत होता, पण थांबले नाही. काल अर्धी पोळी संपल्यावर तिने माझा हात थांबवला, माझ्या बोटांतला घास काढून घेतला, उघडून पाहिला, आणि स्वतः खाल्ला.

मी पुढचा घास करून हातात धरून ठेवला.